ब्लोअरचं रजिस्टर परत परत जळतंय? चौथं आणण्याआधी मोटार हाताने फिरवून बघा

गाडी २००६ ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, गोल नॉबवाला साधा एसी-हीटर आणि चार स्पीडचा ब्लोअर, म्हणजे डॅशमधून हवा फेकणारा पंखा. राहतो मालवणच्या बाजूला, समुद्र इतका जवळ की खिडकीच्या गजांना दरवर्षी रंग मारावा लागतो. महिन्यातून एकदोनदा आईला डोळे दाखवायला कोल्हापूरला न्यायचं असतं, म्हणजे कणकवली, फोंडा घाट, राधानगरी हा रस्ता. जागा आणि रस्ता आधीच सांगतोय कारण गाडी कुठे आणि कशी उभी राहते ह्याचा ह्या बिघाडाशी थेट संबंध निघाला आणि तो लक्षात यायला मला तीन पावसाळे लागले.

पहिल्या पावसाळ्यात जून संपता संपता १, २, ३ हे तिन्ही स्पीड एकदम बंद पडले, ४ नंबरवर मात्र ब्लोअर फुल सुटायचा. गॅरेजमध्ये पाच मिनिटांत निदान झालं की रजिस्टर गेलं. खरा शब्द रेझिस्टर आहे पण इकडे पार्टच्या दुकानात रजिस्टर म्हणूनच मागतात, पुढे मी पण तेच लिहितो. नवीन बसवलं, चारही स्पीड चालू, विषय संपला असं वाटलं. दुसऱ्या वर्षी जुलैत परत तेच. म्हटलं मागचा पार्ट हलका असेल, म्हणून ह्या वेळी शोधून चांगल्यातला आणला, थोडे पैसे जास्त गेले. तो पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये गेला. मग तिसरा बसवला तर तो जेमतेम तीन आठवडे टिकला आणि जाताना नुसता जळला नाही, त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) पण वितळला, म्हणजे ४ नंबर पण गेला.

तो गेला ती रात्र विसरणार नाही. कोल्हापूरहून निघायला उशीर झाला, दाजीपूर सोडलं आणि घाटात पाऊस असा की वायपर फास्टवर पण पुरेना, वर धुकं, आई बाजूला डोळ्यात औषध घालून बसलेली. ब्लोअर ४ वर होता, एकदा आवाज खाली आला, प्लास्टिक तापल्याचा वास आला आणि बंद. दोन वळणं जाईपर्यंत समोरची काच आतून दुधासारखी पांढरी. फडक्याने पुसली की पाच सेकंद दिसायचं आणि परत पांढरी. जागा बघून गाडी बाजूला घेतली, पार्किंग लाइट लावले, दोन्ही खिडक्या चार बोटं खाली केल्या, आईच्या अंगावर शाल टाकली आणि पाऊस ओसरेपर्यंत अर्धा तास तिथेच थांबलो. मग खिडक्या तशाच उघड्या ठेवून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरलो.

म्हणून ज्यांना वाटतं कोकणात हीटर-ब्लोअर कशाला लागतोय, त्यांना कळकळीने सांगतो, थंडीसाठी नाही लागत, पावसात दिसण्यासाठी लागतो. गाडीत दोन-चार माणसं, ओले रेनकोट, पायाखालचं मॅट ओलं, श्वासातली वाफ, हे सगळं आतल्या हवेत जातं आणि पावसाने गार झालेल्या काचेवर आतून साचतं. एसी ती हवा कोरडी करतो (गाडीखाली ठिबकतं ते हेच पाणी) आणि हीटर काच कोमट ठेवतो, दोन्ही एकत्र लावले आणि हवा बाहेरून घेतली की काच मिनिटा-दोन मिनिटांत साफ. पण ब्लोअरच नसेल तर दोन्ही फुकट, आणि बऱ्याच गाड्यांत ब्लोअरचा नॉब शून्यावर असला तर एसीचा कंप्रेसर लागतच नाही. किनाऱ्यावर अजून एक गंमत होते, एसी फुल गार करून काचेवर सोडला की काच बाहेरून धुरकट होते कारण बाहेरची हवा दमट असते. वायपर एकदा फिरवा. साफ झाली तर दव बाहेरचं आहे, मग गारवा कमी करायचा. नाही झाली तर आतलं.

आता मुद्द्यावर. रजिस्टर हे ह्या बिघाडात बळी जाणारं असतं. रजिस्टर काय करतं तर मोटारीच्या वाटेत तारेची वेटोळी घालून करंट कमी करतं, १ नंबरला सगळी वेटोळी वाटेत, २ ला थोडी कमी, ३ ला एखादंच, आणि ४ नंबरला रजिस्टर टाळून सगळा दाब (व्होल्टेज) थेट मोटारीला. म्हणून रजिस्टर गेलं तरी ४ चालतो. बहुतेक रजिस्टरवर एक छोटा थर्मल फ्यूज पण असतो, ठरलेल्या तापमानाच्या वर गेलं की तो कायमचा तुटतो आणि १, २, ३ एका दमात जातात. एकच नंबर गेला असेल तर तेवढी वेटोळी तुटली, तिन्ही एकदम गेले तर बहुधा तो थर्मल फ्यूज. माझं प्रत्येक वेळी तिन्ही एकदम, म्हणजे रजिस्टर खूप तापत होतं. का तापत होतं हे तीन वर्षांत कोणी बघितलं नाही, मी पण नाही.

कुडाळला एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत, आता दुकान मुलगा बघतो, ते नुसते बाकावर बसलेले असतात. मी वितळलेला कपलर दाखवला तर त्यांनी हातात पण घेतला नाही. म्हणाले, "रजिस्टर बदलून काय जमाचा नाय. आधी मोटार काढ आणि हातान फिरवून बघ." तिथेच काढली. मोटारीवरच्या पंख्याच्या चक्रीला बोटाने टिचकी मारली की चांगली मोटार आवाज न करता चार-पाच फेरे घेऊन हळूच थांबते. माझी अर्ध्या फेऱ्यात खर्र करून उभी राहिली. खालच्या बुशपाशी (मोटारीचा दांडा, म्हणजे शाफ्ट, ज्या कड्यात फिरतो तो) गंजाचा लाल ओघळ, बॉडीवर पांढरट पूड, आणि चक्रीच्या पात्यांत आंब्याचा वाळका मोहोर आणि सुरूच्या सुया अडकलेल्या.

आता मोटार जड झाली तर रजिस्टर का जळतं आणि फ्यूजबॉक्समधला फ्यूज का उडत नाही, हे मी घरी येऊन कागदावर मांडलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, म्हणून इथे पण मांडतो. समजा १ नंबरला रजिस्टरचा रोध २ ओहम आहे. मोटार मोकळी फिरत असताना त्या स्पीडला साधारण ३ अँपिअर घेते असं धरू. रजिस्टरमध्ये उष्णता किती, तर ३ गुणिले ३ गुणिले २, म्हणजे १८ वॅट. रजिस्टर मुद्दाम वाऱ्याच्या वाटेत बसवलेलं असतं, तो वारा ही उष्णता घेऊन जातो. आता बुश गंजला आणि मोटार १ नंबरला जागेवरून हललीच नाही. फिरणारी मोटार स्वतःच उलटा दाब तयार करते आणि तो करंटला अडवतो, फिरणं थांबलं की तो उलटा दाब शून्य. मग वाटेत फक्त रजिस्टरचे २ ओहम आणि मोटारच्या तारेचा समजा अर्धा ओहम. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट भागिले २.५, म्हणजे ५.६ अँपिअर. उष्णता ५.६ गुणिले ५.६ गुणिले २, साधारण ६३ वॅट. साडेतीन पट उष्णता, आणि चक्री थांबलेली म्हणून वारा शून्य. आणि फ्यूज बसलाय २० अँपिअरचा, त्याच्या दृष्टीने ५.६ अँपिअर म्हणजे काहीच नाही, तो कशाला उडेल. आकडे गाडीगणिक बदलतील पण हिशोब हाच राहतो. आपल्याला वाटतं ब्लोअर १ वर हळू चाललाय म्हणून आवाज नाही, प्रत्यक्षात तो थांबलेला असतो आणि आत रजिस्टर लाल होत असतं. बुश जड झालेली मोटार ४ वर जोराने निघते पण १ वर अडते, म्हणून अशा मोटारीला १ आणि २ हेच जास्त घातक.

रजिस्टरवरचा तो छोटा थर्मल फ्यूज तार घालून डायरेक्ट करणारे लोक आहेत, मलाही दुसऱ्या वेळी एकाने सुचवलं होतं. अजिबात करू नका. डॅशबोर्डच्या मागे प्लास्टिक, फोम आणि वायरिंगचा जुडगा असतो, तो फ्यूज तुटतो म्हणून तिथे आग लागत नाही. तसंच २० चा पिवळा फ्यूज काढून ३० चा हिरवा घालणं पण नको, वायर त्या हिशोबाची नसते, मग फ्यूजच्या आधी वायर जळते.

मोटार न काढता अंदाज घ्यायचा असेल तर डीसी (बॅटरीचा करंट) मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. विकत किंवा उसना घेताना हे बघा, कारण घरच्या वायरिंगवाल्यांकडे असतो तो बहुतेक वेळा फक्त घरच्या विजेचा एसी करंट मोजतो आणि गाडीत शून्यच दाखवतो. ब्लोअरच्या एकाच वायरभोवती क्लॅम्प, इंजिन चालू, ४ नंबर. माझी जुनी मोटार १७ अँपिअर घेत होती, नवीन ११ घेते. तुमच्या गाडीचा चांगला आकडा वेगळा असेल, तर तशीच दुसरी गाडी कोणाकडे असेल त्यावर मोजून तुलना करा. साधा मल्टिमीटर मध्ये लावून ४ नंबर मोजू नका, त्याची मर्यादा सहसा १० अँपिअर असते, मीटरचा फ्यूज जाईल किंवा मीटरच जाईल. क्लॅम्प नसेल तर काकांची टिचकी पुरे आहे, खरंच पुरे आहे.

आता मोटार गंजली का. काकांचं दुसरं वाक्य होतं, "पाणी खंयसून (कुठून) येता ता बघ, नायतर नवी मोटार पण अशीच जातली." मी आधी नुसती खारी हवा म्हणून सोडून देत होतो. पण खारी हवा बारा महिने असते आणि रजिस्टर फक्त पावसात जात होतं. मग आठवून आठवून एक गोष्ट लक्षात आली, कोल्हापूरला दोन-दोन दिवस पावसात गाडी उभी असते तिथून निघताना ब्लोअर कधी कुरकुरला नाही, कुरकुर यायची ती घरी रात्रभर पाऊस झाल्यावर सकाळी. आमचं खळं (अंगण) उताराचं, आणि गाडी लावायची सवय अशी की डावी बाजू खाली. आपल्याकडच्या गाड्यांत ब्लोअर असतो डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, आणि त्याचं हवा घेण्याचं तोंड वर वायपरखालच्या काळ्या प्लास्टिकच्या जाळीच्या आत उघडतं. त्या जाळीखाली पन्हळीसारखी जागा असते, काचेवरचं पाणी तिथे पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून मडगार्डच्या आतून खाली जातं. ते भोक तुंबलं की पन्हळ भरते, आणि गाडी डावीकडे कललेली असेल तर सगळं पाणी हवेच्या तोंडापाशीच साचतं आणि तिथून थेट मोटारीच्या डोक्यावर.

तुंबायचं कारण आमच्या खळ्यातला आंबा. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोर गळतो, त्यावर तुडतुड्यांचा चिकटा पडतो, हापूसवाल्यांना सांगायला नको, गाडीच्या काचेवर गूळ सांडल्यासारखं होतं. तो चिकटा त्या पन्हळीत मोहोर, सुरूच्या सुया आणि चिऱ्याची लाल धूळ एकत्र चिकटवतो आणि मे महिन्यात उन्हाने त्याची वीट बनते. जाळी काढली तेव्हा डाव्या भोकात बोटभर जाड बूच होतं, तारेने टोचून टोचून काढायला लागलं.

तुमच्या गाडीत असंच आहे का हे बघायला दहा मिनिटं लागतात. गाडी सपाट जागी लावा, बॉनेट उघडा, एक बादली पाणी घ्या आणि तांब्याने हळूहळू जाळीवर ओता, आधी उजवीकडे मग डावीकडे. पाणी पुढच्या चाकाच्या मागून धारेने खाली आलं पाहिजे. ठिबकत आलं किंवा आलंच नाही तर तुंबलंय, ओतणं थांबवा, नाहीतर तेच पाणी आत जाईल. ही टेस्ट ब्लोअर बंद ठेवून करा. आणि गाडी डावीकडे कलती ठेवून पण एकदा करून बघा, माझ्या गाडीत सपाटीवर निम्मं पाणी उजवीकडून निघून जायचं म्हणून गॅरेजमध्ये कोणाला संशय येत नव्हता.

दुरुस्ती मी कशी केली ते सांगतो. आधी बॅटरीची मायनस काढली. ग्लोव्ह बॉक्स दोन बाजूंनी आत दाबला की खाली येतो, त्याच्या मागे खालच्या अंगाला मोटार, तीन स्क्रू आणि एक कपलर. काही मोटारींना एक बोटभर रबरी नळी असते, ती मोटार गार ठेवायला आहे, परत बसवताना विसरू नका, ती सुटी राहिली की मोटार तापते. गाडीत डाव्या बाजूला एअरबॅग असेल तर पिवळ्या कपलरना हात लावू नका.

जुनी मोटार फेकायची जिवावर आली म्हणून आधी मी ती खोलून बघितली. कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) अर्धे शिल्लक होते, ज्यावर ते घासतात तो तांब्याचा भाग काळा पडलेला, बारीक सँडपेपरने साफ केला आणि मधल्या खाचा सुईने मोकळ्या केल्या. एमरी पेपर वापरू नका, त्याचे कण वीज वाहून नेतात आणि खाचांत अडकतात. बुशला मात्र इलाज नव्हता. हे बुश छिद्रांचे, तेल प्यायलेले असतात, गंजून एकदा ते सुकले आणि शाफ्टला ओरखडे पडले की वरून तेल सोडून महिना-दोन महिने चालतं. मला आठवतंय दुसऱ्या वेळी कोणीतरी त्यात खोबरेल सोडलं होतं, आणि खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे घाटावर पहाटे ते बुशमध्ये मेणच. गंज सोडवायचा स्प्रे पण वंगण नव्हे, तो मारून आवाज जातो आणि आठ दिवसांनी येतो. शाफ्ट गुळगुळीत असेल आणि जवळ बुश बदलून देणारा कोणी असेल तर जरूर बदला, नाहीतर नवीन मोटार घ्या. मी नवीन घेतली.

दुसऱ्या मॉडेलची मोटार जुळवत असाल तर प्लस-मायनस तपासा. उलट जोडली तरी चक्री फिरते आणि वारा पण त्याच बाजूने येतो, फक्त एकदम कमी येतो, आणि मग लोक तुंबलेला फिल्टर शोधत बसतात.

कपलर हा भाग लोक सगळ्यात जास्त दुर्लक्षित करतात. रजिस्टर नवीन आणि कपलर जुना तपकिरी पडलेला, हे चालणार नाही. एकदा तापलेल्या पिनेची पकड सैल होते, सैल जोड तापतो, तापला की अजून सैल होतो. माझ्या वायरी कापल्या तर इन्शुलेशनच्या आत पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत तांब्यावर हिरवा कळंक चढलेला, तेवढ्या कापून टाकल्या. नवीन कपलर वायरच्या तुकड्यासकट मिळतो, तो घ्या, वायर निदान जुन्याइतकी जाड हवी, मी २.५ चौरस मिमीची वापरली. जोड पिळून टेप गुंडाळू नका. समुद्राकाठी टेपच्या आत ओल धरते आणि वर्षभरात तोच जोड परत कळकतो. थिंबल (वायरी जोडायची धातूची टोपी) दाबून वर गरम करून बसणारी स्लीव्ह, तीही आत गोंदवाली, आणि पिनांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात.

ज्यांचा ब्लोअर कुठल्याच नंबरवर लागत नाही त्यांनी मोटारीपर्यंत वीज येते का हे आधी बघायचं, पण मल्टिमीटरवर विसंबू नका. कळकलेल्या वायरचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट घेतच नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी, हा मीटरपेक्षा भरवशाचा. मोटारीचा कपलर काढून त्याच्या दोन पिनांवर बल्ब लावा, नॉब ४ वर. बल्ब लख्ख पेटला तर वीज येतेय, मोटार गेली. मिणमिणता पेटला तर वाटेत कुठेतरी जोड खराब. नाहीच पेटला तर बल्बची एक वायर बॉडीला लावून प्लस येतोय का ते बघा. बऱ्याच जपानी पद्धतीच्या गाड्यांत प्लस इग्निशन लावलं की कायम येतो आणि नॉब व रजिस्टर मायनसच्या बाजूला असतात, त्यामुळे प्लस आहे पण मोटार बंद म्हणजे अर्थिंग, नॉब किंवा कपलर ह्यातलं काहीतरी. अर्थिंग तपासायचा चांगला मार्ग म्हणजे ब्लोअर ४ वर चालू ठेवून मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन डॅशखाली जिथे अर्थ बोल्ट आहे त्या वायरच्या टोकाला, ०.२ व्होल्टच्या आत आलं पाहिजे, त्याच्या वर गेलं तर बोल्ट काढून पत्रा घासा आणि ग्रीस लावून परत आवळा. किनाऱ्यावरच्या दहा वर्षांपुढच्या गाडीत हा बोल्ट मी तरी न बघता सोडणार नाही.

डॅशवर थाप मारली की ब्लोअर लागतो असं असेल तर कार्बन संपलेत. खड्ड्यात गाडी आपटली की बंद-चालू होतो तर कपलर. चिरचिर आवाज बुशचा, खडखड किंवा फडफड म्हणजे पान नाहीतर उंदराचा कापूस. मोटारीचा आवाज पूर्ण पण वारा नाही, तर वीज शोधत बसू नका, फिल्टर किंवा कूलिंग कॉइल तुंबलीय. वारा भरपूर पण गरम होत नाही तर ब्लोअरचा काही संबंध नाही, थर्मोस्टॅट, हीटरच्या व्हॉल्व्हची केबल किंवा कूलंटमध्ये अडकलेली हवा बघा. आणि डावीकडचं मॅट ओलं असेल तर ते पाणी बोटाने चोळून बघा. साधं पाणी असेल तर पाऊस किंवा एसीची तुंबलेली नळी, बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल तर हीटरची कॉइल गळतेय, काचेवर आतून तेलकट थर पण येतो. ते चाखून बघू नका, कूलंट विषारी असतं, आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर ते सांडलेलं लगेच धुऊन काढा.

पाण्याचा बंदोबस्त मी तीन गोष्टींनी केला. गाडी आता उजवी बाजू खाली ठेवून लावतो, त्यासाठी खळ्यात फक्त तोंड फिरवून लावायला लागतं. वायपरखालच्या जाळीच्या आतून ४ मिमी भोकाची स्टेनलेसची जाळी लावली. आधी मच्छरदाणीची लावली होती, ती पहिल्याच महिन्यात धुळीने बंद झाली आणि गॅल्वनाइज्ड इकडे दोन वर्षं पण टिकत नाही. स्टेनलेसने उंदीर पण थांबले. आणि गाडी रात्री लावताना हवेचा दांडा आतलीच हवा फिरवण्यावर ठेवतो, म्हणजे बाहेरचं तोंड फडकीने (आतल्या झडपेने) बंद राहतं. केबलवाल्या जुन्या गाडीत ती फडकी आहे तिथेच राहते. सकाळी निघताना तो दांडा परत बाहेरच्या हवेवर आणायचा, हे घरातल्या दुसऱ्या कोणी गाडी नेली तर आवर्जून सांगा, नाहीतर पावसात काच धुरकटते आणि त्यांना वाटतं ब्लोअर बिघडला.

बसवून झाल्यावर एक शेवटची तपासणी. ब्लोअर २ नंबरवर वीस मिनिटं चालू ठेवा, मग बंद करून रजिस्टरच्या कपलरला हात लावा. कोमट असला तर ठीक. हात ठेववत नसेल तर काम अजून झालेलं नाही, मोटार तरी जड आहे नाहीतर पिन सैल आहे.

नवीन मोटार बसवून दोन पावसाळे झाले, तिसरा चालू आहे. पन्हळ वर्षातून तीनदा साफ करतो, मोहोर गळून संपला की एकदा, मृगाच्या आधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा. यंदा मृगाआधी जाळी काढली तेव्हा मूठभर सुया निघाल्या, भोकं दोन्ही मोकळी, तांब्याचं पाणी धारेने खाली. करंट मोजला तो ११.२ अँपिअर. परवा आईला घेऊन फोंडा घाट उतरलो, पाऊस होता, ब्लोअर २ वर होता.